शिक्का नेमकी कशाची साक्ष देतो?

मुंबई-पुण्यात किंवा नाशिक-नागपुरात फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबाकडे ताबा मिळेपर्यंत एक जाडजूड फाइल तयार होते. नोंदणी केलेला करारनामा, इंडेक्स टू, बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र, महारेराचा नोंदणी क्रमांक, पुढे मालमत्ता कराची पावती आणि विजेचं बिल. प्रत्येक कागदावर कुठल्या ना कुठल्या कार्यालयाचा शिक्का असतो. एवढ्या सगळ्यांनी पाहिलंय म्हणजे व्यवहार चोखच असणार, अशी माणसाची समजूत होते. घरखरेदीतला सगळ्यांत मोठा धोका याच समजुतीत दडलेला आहे. यातलं प्रत्येक कार्यालय फक्त आपल्यापुरतं पाहतं. निबंधक दस्त पाहतो, बँक आपल्या कर्जाची वसुली पाहते, महापालिकेचा करविभाग कर पाहतो, वीज कंपनी ग्राहक पाहते. जमीन कुणाची, तिच्यावर एवढे मजले चढवायला परवानगी होती का, बांधकाम त्या परवानगीबरहुकूम झालं का आणि पुढे ती जमीन सोसायटीच्या नावावर होणार का, या सगळ्या प्रश्नांचं एकत्र उत्तर देणारा कागद आपल्याकडे अस्तित्वातच नाही. ते उत्तर जुळवायचं काम खरेदीदाराच्या गळ्यात पडतं, आणि या व्यवहारात सगळ्यांत कमी माहिती असते ती त्याच्याचकडे.

जाहिरातीत न दिसणारे खर्च आधी बाजूला काढू, कारण ते निदान मोजता येतात. पुण्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीतला 80 लाखांचा फ्लॅट धरा. मुद्रांक शुल्क आणि त्यावरचे अधिभार मिळून 7 टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार. नोंदणी फी 30 हजार. जीएसटी 5 टक्के, म्हणजे 4 लाख. झाले 9 लाख 90 हजार. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीत जीएसटी लागत नाही, एवढाच दिलासा. बँक 80 टक्के कर्ज देते असं आपण ऐकतो, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एवढ्या किमतीच्या घराचं कर्ज ठरवताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी किमतीत धरायची नसते. म्हणजे 64 लाख बँकेचे आले तरी 16 लाख आणि वरचे जवळपास 10 लाख मिळून 26 लाख आपल्याच खिशातून काढावे लागतात. सोसायटीची अनामत, वर्ष-दोन वर्षांचा आगाऊ देखभाल खर्च, मीटरचे पैसे, गहाणखताचं शुल्क आणि घरातलं लाकूडकाम त्यापुढे. कायद्याने विक्री कार्पेट क्षेत्रफळावरच करायची असली तरी बोलण्यात अजूनही ‘सेलेबल’चा आकडा फिरतो, तेव्हा दर सांगितला की तो कुठल्या क्षेत्रफळावर, हे विचारलंच पाहिजे. आणखी एक खाचखळगा. व्यवहार 50 लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर 1 टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा असतो. पण विकणारा अनिवासी भारतीय असेल, म्हणजे दुबईत किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेला मराठी माणूस पुण्यातला फ्लॅट काढत असेल, तर हा एक टक्क्याचा नियम लागूच होत नाही. दर पुष्कळ जास्त असतो, आणि तो कापला नाही तर आयकर खातं खरेदीदाराला पकडतं.

हे सगळं एका संध्याकाळी वहीवर मांडता येतं. त्यामुळे याला लपलेला खर्च म्हणणं मला पटत नाही. लपलेला खर्च तो, जो आज शून्य दिसतो आणि दहा-वीस वर्षांनी दारात उभा राहतो. त्याची सुरुवात नोंदणीपासून होते. सरकार दस्तामागे एवढे लाख रुपये घेतं, त्या बदल्यात ते कशाची हमी देतं? मालकीची तर नाहीच. 1908 च्या नोंदणी कायद्याखाली नोंद होते ती दस्ताची. दोन पक्ष समोर आले, त्यांची ओळख पटली, अंगठे आणि फोटो घेतले, शुल्क भरलं, सह्या आपल्याच असल्याचं त्यांनी कबूल केलं, की दुय्यम निबंधकाचं काम संपलं. विकणारा खरोखर मालक आहे का, हे ठरवणं त्याच्या अखत्यारीतच येत नाही. तामिळनाडूने निबंधकाला मालकीचा पुरावा मागण्याचा अधिकार देणारा नियम केला होता. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि विकणाऱ्याच्या मालकीशी निबंधकाला कर्तव्य नाही, हेच पुन्हा सांगितलं. सातबाराचीही गत वेगळी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. कुणी वारस, कुणी कूळ, कुणी जुना साठेखतधारक उभा राहिला की त्या नोंदीचं वजन कोर्टातच ठरतं.

पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत 17 मे 2025 रोजी महापालिकेने 36 बंगले पाडले. इंद्रायणीच्या काठच्या त्या भूखंडांची खरेदीखतं झालेली होती आणि लोक तिथे राहत होते. पण ती जागा नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत होती. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं, लवादाने बंगले पाडायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयातही मालकांना दिलासा मिळाला नाही. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर चढतं ती निळी रेषा, आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. या रेषा जलसंपदा विभाग आखतो, विकास आराखड्याच्या नकाशात त्या दाखवलेल्या असतात. पण दस्त नोंदवताना तो नकाशा कुणी उघडून बघत नाही, कारण ते निबंधकाचं काम नाही. पूररेषेचा प्रश्न फक्त पाडापाडीचा नाही. जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, वाहनतळातल्या गाड्या बुडाल्या, तळमजल्यावरचे संसार भिजले. नदीचा देखावा दिसतो म्हणून काठच्या फ्लॅटला जास्त दर लावला जातो, आणि त्याच नदीच्या पातळीची चौकशी मात्र राहून जाते.

यावर हमखास उत्तर येतं की, आता रेरा आहे. आहे, आणि तो येऊन खूप बरं झालं. 2016 च्या या कायद्याने करारनामा नोंदवण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला बंदी केली, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले, ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातले दोष निघाले तर बिल्डरने ते स्वखर्चाने दुरुस्त करायचे असं ठरवलं. 2017 च्या आधीचे नियम एवढे कडक नव्हते. पण महारेराचा क्रमांक कशाची साक्ष देतो? बिल्डरने ठराविक कागद दाखल केले, एवढ्याची. कल्याण-डोंबिवलीत याचा फार कडू अनुभव आला. तिथे 65 इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करण्यात आल्या आणि त्या दाखवून रेराची नोंदणी मिळवण्यात आली. क्रमांक खरा, त्यामागची परवानगी खोटी. त्या क्रमांकाच्या भरवशावर फ्लॅट विकले गेले, करारनामे नोंदले गेले, अनेकांना बँकांकडून कर्जंही मिळाली. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडायचा आदेश दिला आणि हजारो कुटुंबं रस्त्यावर येण्याची वेळ आली. त्यातल्या बहुतेकांनी कुठलाही आडमार्ग पत्करला नव्हता. विचारायला हवं ते विचारलं होतं, दाखवायला हवा तो क्रमांक त्यांना दाखवला गेला होता. एका कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयाला ‘हा कागद तुमचाच ना?’ एवढं विचारलं असतं तर हे प्रकरण पहिल्याच इमारतीत थांबलं असतं. पुढे महारेराने परवानग्यांची खातरजमा थेट नियोजन प्राधिकरणाकडून करायची पद्धत आणली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. रेराकडे दाद मागून जिंकलं तरी पैसा हातात पडेलच असंही नाही. वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ती वसुली करायची असते, आणि बिल्डरच्या नावावर जप्त करण्याजोगं काही उरलंच नसेल तर आदेश फाइलमध्ये राहतो.

माझ्या मते खरेदीदाराने सगळ्यांत जास्त वेळ दोन कागदांवर घालवावा. पहिला बांधकाम सुरू करण्याची परवानगी, म्हणजे सीसी, आणि दुसरा भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. मोठ्या शहरांत सीसी टप्प्याटप्प्याने मिळतं. आधी जोत्यापर्यंत, मग अमुक मजल्यापर्यंत, मग त्यापुढे. विक्री मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्या मजल्यांची चालू असते. बाविसाव्या मजल्यावरचा फ्लॅट घेताना सीसी कितव्या मजल्यापर्यंत आहे हा प्रश्न विचारला नाही, तर आपण मंजूर न झालेली हवा विकत घेत असू. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये 1980 च्या दशकात पाच मजल्यांची परवानगी असताना एक इमारत 20 मजल्यांपर्यंत गेली, दुसरी 17 पर्यंत. लोक तिथे दोन-अडीच दशकं राहिले, कर भरत राहिले. फेब्रुवारी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरवले आणि जून 2014 मध्ये त्यांचं वीज-पाणी तोडण्यात आलं. इतकी वर्षं कुणी काही म्हटलं नाही म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, हे त्या रहिवाशांना उतारवयात कळलं.

ओसी नसल्याची झळ इतकी ठळक नसते, म्हणूनच ती जास्त घरांना लागते. समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचं प्रकरण यासाठी मुद्दाम पाहण्यासारखं आहे. सभासदांनी 1993 मध्ये फ्लॅट नोंदवले, 1997 मध्ये त्यांना ताबा मिळाला, बिल्डरने ओसी मात्र आणलंच नाही. परिणाम असा की, संस्थेला मालमत्ता कर 25 टक्के जास्त दराने आणि पाणीपट्टी 50 टक्के जास्त दराने भरावी लागली. एका महिन्याच्या बिलात हा फरक डोळ्यात भरत नाही. वर्षानुवर्षं साचल्यावर संस्थेने बिल्डरकडे केलेला दावा 2 कोटी 60 लाखांच्या घरात गेला होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तक्रार मुदतबाह्य म्हणून फेटाळली. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. ओसी न देणं ही चालू राहणारी चूक आहे, त्यामुळे तक्रारीची मुदत ताब्याच्या दिवशी संपत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल चांगलाच आहे आणि अनेक संस्थांच्या उपयोगाचा आहे. पण ताबा 1997 चा आणि निकाल 2022 चा. 25 वर्षांनी संस्थेला मिळाला तो आपलं म्हणणं पुन्हा आयोगापुढे मांडायचा हक्क.

करपावतीवर आणि विजेच्या बिलावर विसंबणाऱ्यांनी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातलं कलम 267अ जरूर वाचावं. अनधिकृत बांधकामाला मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावायची तरतूद त्यात आहे, आणि ती भरली म्हणजे बांधकाम नियमित झालं असा अर्थ होणार नाही, असं त्याच कलमात स्पष्ट सांगितलं आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये हा शास्तीकर कित्येक वर्षं निवडणुकीचा मुद्दा होऊन बसला होता, तेव्हा तिथल्या वाचकांना हे सांगायला नको. म्हणजे महापालिका ज्या इमारतीकडून वर्षानुवर्षं कर घेते, तीच इमारत उद्या तिने पाडली तर कायद्याच्या नजरेत त्यात विसंगती नाही.

‘बँकेने कर्ज दिलंय म्हणजे काळजी नाही’ हे वाक्य तर घराघरांत ऐकू येतं. बँकेचा वकील टायटल पाहतो हे खरं, पण तो बँकेसाठी पाहतो. घर बुडालं तरी कर्ज बुडत नाही, कारण कर्जाची खरी हमी तुमचा पगार असतो. दिल्लीलगतच्या नोएडा-गुरुग्राम पट्ट्यात ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता बिल्डर भरेल’ अशा योजना जोरात चालल्या. बँकांनी कर्जाच्या रकमा थेट बिल्डरांच्या खात्यात टाकल्या, इमारती अर्धवट राहिल्या, बिल्डरांनी हप्ते थांबवले आणि बँकांनी ज्यांना घरच मिळालं नव्हतं अशा लोकांकडे वसुली मागितली. बांधकामाच्या टप्प्यांनुसारच कर्ज द्या, असं रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सांगून ठेवलं होतं. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या संगनमताचा तपास सीबीआयकडे दिला. व्याजदराची जोखीमही अशीच खरेदीदाराकडे सरकवलेली असते. 64 लाखांचं 20 वर्षांचं कर्ज 6.7 टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण साडेअठ्ठेचाळीस हजार येतो. 2022-23 मध्ये रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला आणि गृहकर्जं 9 टक्क्यांच्या आसपास पोचली. त्या दराने एवढ्या कर्जाचं पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच 48 हजार होतं, म्हणजे मुद्दलात जेमतेम पाचशे रुपये जातात. अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, त्यामुळे खातेदाराला त्या महिन्यात काही जाणवलं नाही आणि कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेलं. ऑगस्ट 2023 मध्ये, हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारून ठरवणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं. ते पत्र आलं तर न वाचता बाजूला ठेवू नये.

समजा, परवानग्या चोख आहेत, ओसी मिळालं, कर्जही झेपतं. तरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे इमारतीखालची जमीन. 1963 च्या मोफा कायद्याखाली सोसायटी नोंदल्यानंतर चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत तिच्या नावावर करून द्यायची असते. प्रत्यक्षात दशकानुदशकं हे अभिहस्तांतरण झालेलं नाही अशा सोसायट्या राज्यभर आहेत. बिल्डरला घाई नसते, कारण पुढे वाढीव बांधकामाचा हक्क (एफएसआय किंवा टीडीआर) मिळाला तर त्यावर हक्क सांगायची वाट मोकळी राहते. सभासदांना घाई नसते, कारण रोजच्या जगण्यात काही अडत नाही. अडतं ते इमारत चाळिशीला आली, पुनर्विकासाचा विषय निघाला आणि मालमत्ता पत्रकावर अजून जुन्या जमीनमालकाचं किंवा बिल्डरचं नाव दिसलं, तेव्हा. 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून बिल्डरच्या सहीशिवाय हे काम होऊ शकतं, पण मंजूर नकाशे, सगळ्यांचे करारनामे आणि जमिनीचे कागद गोळा करता करता कमिटीची दमछाक होते. पंचवीस-तीस वर्षं जुन्या सोसायटीत फ्लॅट घेणाऱ्याने फरशी आणि खिडक्या पाहण्याआधी अभिहस्तांतरण झालंय का, हे विचारावं. दोन शेजारच्या इमारतींत हा एवढा फरक असेल तर दोन्हींची खरी किंमत सारखी असूच शकत नाही, मग दलाल काहीही दर सांगो.

आणि जिथे सगळे कागद असतात तिथेही बांधकामाच्या मजबुतीबद्दल ते मुकेच असतात. महाडमधली पाच मजली तारिक गार्डन इमारत 24 ऑगस्ट 2020 रोजी कोसळली आणि 16 जणांचा जीव गेला. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. गुन्हा नोंदला गेला त्यात बिल्डर आणि आर्किटेक्टबरोबर नगरपालिकेचे तत्कालीन अधिकारीही होते. जुनं घर घेणाऱ्याला निदान स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागता येतो. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. सिंकिंग फंडात बांधकाम खर्चाचा किमान पाव टक्का दरवर्षी जमा व्हायला हवा. मासिक देखभाल खर्च कमी आहे, असं कौतुकाने सांगितलं जातं तिथे हा फंड रिकामा असण्याची शक्यता पहिल्यांदा तपासावी. आज वाचवलेले पैसे गळती आणि सळ्या उघड्या पडल्यावर एकरकमी मागितले जातात, आणि ते नव्या सभासदालाही भरावे लागतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे. लाखो लोक घरं घेतात, बहुतेकांचं काही बिघडत नाही, मग एवढं घाबरवायचं कशाला? पाडली जाणारी घरं थोडी, हे कबूल. पण ओसी नसलेल्या, अभिहस्तांतरण न झालेल्या इमारती थोड्या नाहीत. एकट्या मुंबईत ओसी नसलेल्या इमारती हजारांत मोजाव्या लागतात. तिथल्या लोकांचं ‘काही बिघडलेलं नाही’ ते विकायला काढेपर्यंत. मग घेणाऱ्याची बँक कर्ज नाकारते, भाव पाडून मागितला जातो, आणि ते नुकसान नशिबाच्या खात्यावर टाकलं जातं. दुसरा युक्तिवाद असा की, शेवटी सरकार नियमित करतंच, एवढ्या मतदारांना कोण बाहेर काढणार? डोंबिवलीतही रहिवाशांना बेघर होऊ देणार नाही अशी आश्वासनं मिळाली. पण आश्वासन म्हणजे हक्क नव्हे. ते मिळेपर्यंतची वर्षं मोर्चे काढण्यात, वकिलांच्या फीमध्ये आणि हप्ते भरण्यात जातात, आणि चिखलीत तर कुठलंच आश्वासन कामाला आलं नाही.

पडताळणी महाग आहे, सामान्य माणसाला झेपणार नाही, असंही म्हटलं जातं. हे मला मान्य नाही. स्वतःच्या वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घ्यायला येणारा खर्च लाकूडकामाच्या एका कपाटाएवढाही नसतो. अट एकच, की वकील बिल्डरने सुचवलेला नको. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर जुने दस्त विनामूल्य शोधता येतात. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे, सीसी, जमिनीवरचा बोजा आणि चालू दावे पाहता येतात. डोंबिवलीनंतर शहाणपण एवढंच, की तिथे दिसलेलं सीसी घेऊन ते महापालिकेच्या नगररचना विभागाच्या नोंदीशी पडताळून पाहायचं. नोटरीपुढे केलेल्या करारावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर घर मिळत असेल तर तो व्यवहार सोडून द्यावा. अशा कागदांनी मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलं आहे. आणि हे सगळं टोकन देण्याआधी करायचं. टोकनचे लाख-दोन लाख अडकले की माणूस कागदांतल्या उणिवांना स्वतःच सबबी शोधू लागतो.

तरीही हा सगळा भार खरेदीदाराने का उचलायचा, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नोकरी करणाऱ्या नवरा-बायकोने निळ्या पूररेषेचा नकाशा, जमिनीवरची भोगवटादार वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय न विकण्याची) अट आणि टप्प्याटप्प्याचं सीसी समजून घ्यावं अशी अपेक्षा करणारी व्यवस्था मुळात अन्यायाची आहे. जे शिक्के आज एकमेकांकडे पाहत नाहीत, त्यांना एकमेकांशी बोलायला लावणं सरकारच्या हातात आहे. दस्त नोंदवताना निबंधकाच्या पडद्यावर त्या इमारतीचं सीसी कितव्या मजल्यापर्यंत आहे, ओसी आहे की नाही, भूखंड पूररेषेत येतो का, एवढं दिसलं आणि ते दस्ताच्या पहिल्या पानावर छापलं गेलं, तरी निम्मी फसवणूक त्या टेबलावरच थांबेल. निबंधकाने मालकी ठरवायची गरज नाही, सरकारच्याच दुसऱ्या खात्याकडे असलेली माहिती घेणाऱ्यासमोर ठेवायची आहे. दुसरी गोष्ट तर कायद्यात लिहिलेलीच आहे. रेराच्या कलम 16 प्रमाणे जमिनीच्या टायटलचा आणि बांधकामाचा विमा बिल्डरने काढायचा आहे, आणि तो विमा पुढे खरेदीदारांच्या संस्थेकडे जायचा आहे. सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय ही तरतूद लागू होत नाही, आणि ती कागदावरच राहिली आहे. टायटलचा विमा सक्तीचा झाला तर जमिनीचे जुने वाद, वारस आणि बोजे शोधायला विमा कंपन्यांचे वकील बसतील, कारण नुकसान त्यांच्या खिशातून जाईल. विम्याचा हप्ता शेवटी फ्लॅटच्या दरात येईल, हे उघड आहे. 80 लाखांच्या घरावर 5 लाख 60 हजारांचं मुद्रांक शुल्क कुठल्याही हमीशिवाय भरणाऱ्या माणसाला, खरोखरची हमी मिळणार असेल तर ते थोडे जास्तीचे रुपये जड जाणार नाहीत.